पुलावरची वाटी

गॅसच्या रांगेत यांगझोमचा सतरावा नंबर होता. पुढच्या माणसाचं सिलिंडर सरकलं म्हणून तिने आपलं लाल सिलिंडर पायाने थोडं पुढे ढकललं, आणि नेमकी त्याच वेळी तिच्या पाठीमागे तिची आई हसली.

आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. तिला जाळताना, तिच्या नावाचा कागद जाळताना, एकोणपन्नासाव्या दिवशी शेवटचं ताट वाढताना यांगझोम समोर उभी होती, तेव्हा त्यात चूक व्हायचं काही कारण नव्हतं. पण हसू आईचंच होतं. एवढंच की असं हसू तिने आईच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आई हसायची ती ओठ मिटून, कुणी उधार मागायला येईल की काय अशा बेताने. हे हसू पोटातून आलेलं, लांबलचक, मध्येच श्वास घेऊन पुन्हा सुरू झालेलं. तरी ते आईचंच आहे हे तिच्या मानेला आधी कळलं आणि डोक्याला नंतर. ती वळली. मागे विशीतली एक मुलगी भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या हातातल्या फोनमध्ये आई म्हणत होती, 'तसं नाही गं बाई, घशातून काढ. चूल म्हणजे काय घंटा आहे, नाकात वाजायला?' आणि पुन्हा ते हसू. मुलीने पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा चूल, पुन्हा घंटा, पुन्हा हसू.

"काय लावलंयस हे?" यांगझोमने नेपाळीत विचारलं. अनोळखी माणसाशी, दुकानदाराशी, दवाखान्यात, गॅसवाल्याशी नेपाळीतच बोलायचं असतं.

"आमच्या बोलीचा कोश आहे, आंटी. शब्दावर बोट ठेवलं की बोलतो. पाच गावांचे पाच आवाज. मला ही म्हातारी फार आवडते. बाकीचे सगळे शाळेत उभं केल्यासारखे बोलतात, ही एकटी शिव्या घालते."

"कुठली आहे ती?"

"छुरोंगची. हे काय, लिहिलंय ना. दोल्कर, छुरोंग."

यांगझोमने मुलीला सांगितलं नाही की ही माझी आई. सिलिंडरावर आपली ओढणी बांधली, मागच्या बाईला म्हणाली, "बघा हं जरा," आणि निघाली. काठमांडूत रांगेत सिलिंडर उभं असलं की पुरतं, माणूस नसलं तरी चालतं. ती बौद्ध स्तूपाजवळच्या गल्लीतून चालत होती आणि तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: दोल्कर, छुरोंग. आई तेप्काची होती. जन्म छुरोंगचा, ते खरं, पण लग्नाला सत्तावन्न वर्षं झालेल्या बाईला जन्माच्या गावाने ओळखतं कोण? आणि लग्नाच्या दिवशी तिने पुलावर वाटी पालथी घातली होती. तिकडच्या प्रत्येक बाईने घातलेली असते. माहेरची माणसं नवरीला पुलाच्या मध्यापर्यंत आणतात, जवाच्या दारूची शेवटची वाटी देतात, ती पिते, आपल्या बोलीत हवं ते एक वाक्य बोलते आणि वाटी पालथी घालून पुलाच्या खांबाशी ठेवते. मग सासरची माणसं पलीकडून हाक मारतात. त्यापुढे तिच्या तोंडून जे येईल ते सासरच्या बोलीत यायचं, निदान चुलीपाशी तरी. चुलीचा मालक, म्हणजे जाळात राहणारा देव, जुन्या वळणाचा असतो. ओळखीची नसलेली बोली कानावर आली की घरात परकं माणूस शिरलं असं त्याला वाटतं, आणि तो घरातलं सगळ्यांत लहान माणूस घेऊन जातो.

अलीकडच्या मुली या सगळ्याला हसतात. यांगझोमच्या वयाच्या बायकाही हसायच्या, पण हसून झाल्यावर वाटी पालथी घालायच्याच. नदी एक, पाणी एक आणि तोंडं पाच, असं पाचही गावं म्हणतात. तेप्कावाले शब्दाची शेपटी गिळतात, छुरोंगवाले ती ओढत नेतात आणि शेवटी वर उचलतात. छुरोंगवाला 'आलो' म्हणेपर्यंत तेप्कावाला जेवून हात धुतो, हा तेप्काचा विनोद. तेप्कावाला बोलतो तेव्हा त्याच्या तोंडात गरम बटाटा असतो, हा छुरोंगचा. यांगझोम तेप्काची, नुसती तेप्काची नाही तर चुलीची. म्हणजे घरच्या चुलीपाशी जन्मलेली, जन्मल्या जन्मल्या त्या चुलीवरचं लोणी जिला चाटवलं ती. आणि तिची धाकटी बहीण छिमी पलीकडची. त्या वर्षी बर्फ एकदम वितळलं आणि नदीने पूल नेला. आई तिच्या आईच्या दिवसांना छुरोंगला गेली होती, आठवा महिना लागलेला, ती तिकडेच अडकली. छिमी तिकडच्या चुलीपाशी जन्मली, तिकडचं लोणी चाटली. पूल बांधून झाल्यावर पाच महिन्यांची होऊन घरी आली तेव्हा आजीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हिला आपला मालक मोजायचा नाही." ते कुणी वाईट अर्थाने म्हणत नसे. पण लहानपणी यांगझोमने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. जास्तीचा गूळ चुलीच्या मुलीला, भिंतीकडची उबदार जागा चुलीच्या मुलीला, आणि भांडण झालं की "जा की मग पलीकडे, तुझा पूल आहे ना." छिमी रडायची नाही. नुसती आईकडे बघायची, आणि आई, ओठ मिटून, काहीच बोलायची नाही.

आई कधीच काही बोलायची नाही. लोकांच्या आया किती बडबडायच्या. शेजारची आमा पल्मो कोंबडीशी बोलायची, भांड्याशी बोलायची, मेलेल्या नवऱ्याशी तर रोज भांडायची. यांगझोमची आई म्हणायची: ये. जा. जेव. झोप. शाळेतून आल्यावर 'आज काय झालं' असं कुणाच्या आईने विचारलेलं ऐकलं की यांगझोमला तिथून हलावंसं वाटत नसे. पुढे तिने स्वतःची समजूत घातली. काही माणसं अबोल असतात. पुढे तर तिला त्याचा अभिमान वाटायला लागला. आईला इथे शहरात आपल्या दोन खोल्यांत आणल्यावर अकरा वर्षं तिने तिचे पाय धुतले, नखं कापली, शेवटच्या वर्षी अंथरूण धुतलं, आणि या सगळ्यात दोघींना चार शब्द पुरले. आम्हाला बोलावं लागत नाही, असं ती लोकांना सांगायची. लोकही मान डोलवायचे. हे आठवून आत्ता गल्लीच्या मधोमध तिचे कान तापले. एक मोटरसायकल हॉर्न वाजवत तिच्या अंगावरून गेल्यासारखी गेली आणि शिवी देऊन पुढे निघाली.

कोश करणाऱ्या पाच गावांच्या मंडळाची जागा तिसऱ्या मजल्यावर. नोर्देन मास्तर एकटेच बसले होते. चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेला हा माणूस पाच गावांपैकी सांगता या गावाचा, म्हणजे तेप्का आणि छुरोंग या दोन्हींच्या भांडणापासून दूर, म्हणून कोशाचं काम त्याच्याकडे आलं होतं. आतल्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून त्यांनी भिंतीला गाद्या टांगल्या होत्या.

"यांगझोम! ये, ये. बरं झालं आलीस. तुझे तेप्कावाले माझं डोकं खातायत. म्हणे पानावर त्यांचा शब्द वर हवा. मी म्हटलं, बाबांनो, पान दोन्हीकडून वाचता येत नाही."

"माझी आई तुमच्या यंत्रात काय करतेय?"

मास्तरांनी चष्मा काढला. "कुणी ऐकवलं तुला?"

"गॅसच्या रांगेने."

"अरे देवा," मास्तर म्हणाले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "तुझा फोन तर बटणांचा आहे. छिमी म्हणाली होती, तिच्यापर्यंत नाही जायचं."

छिमी म्हणाली होती. यांगझोम खुर्चीत बसली. मग मास्तर बोलत राहिले आणि तिला ते तुकड्यातुकड्यांनी कळत राहिलं. दर गुरुवारी. यांगझोम दुकानात एप्रन शिवत बसलेली असताना. छिमी आईला रिक्षाने इथे आणायची आणि पाचच्या आत परत नेऊन सोडायची. दोन वर्षं. चाळीस तासांचं बोलणं. "आमा दोल्कर म्हणजे कोशाचा कणा आहे, यांगझोम. छुरोंगमध्येसुद्धा आता असं कुणी बोलत नाही. ती गोष्टी सांगायची, नकला करायची, दोघी मायलेकी इतक्या हसायच्या की मला सांगावं लागायचं, आमा, जरा शब्दावर या."

गुरुवारी छिमी 'बसायला' यायची. गुरुवारी संध्याकाळी आई दोन वाट्या थुक्पा जेवायची आणि तिचे गाल लाल दिसायचे. यांगझोमला वाटायचं, नवं औषध लागू पडलंय. तिने एकदा डॉक्टरला तसं सांगितलंही होतं, आणि आईसमोरच. आई खाली बघत होती. फसवलं, तिला वाटलं. हा शब्द तिच्या मनात इतका सरळ आला की तिला तो हातात धरल्यासारखा वाटला. म्हातारीने मला फसवलं. पाय माझ्याकडून धुऊन घेतले आणि तोंड दुसरीला दिलं. आणि ती दुसरी, थोरल्या बहिणीला मानाने आचा म्हणत, तोंडावर साळसूद, "आचा, दमलीस का गं? आज मी बसते आमापाशी," म्हणणारी. नऊ वर्षांची असताना यांगझोम चहाची किटली घेऊन नदीकडच्या कुट्टूच्या शेतात गेली होती. दगडी बांधाच्या मागे कुणी तरी गडगडून हसत होतं, एक बाई आणि एक मूल. ती वळसा घालून पुढे आली तर आई आणि चार वर्षांची छिमी. दोघी गप्प. आई म्हणाली, "आलीस?" तेप्काच्या बोलीत, शेपटी गिळून. किटली चटका देत होती तरी यांगझोमने ती खाली ठेवली नाही. त्या मला हसत होत्या, असंच ती इतकी वर्षं समजत आली होती. त्या मला हसत नव्हत्या हे आज कळलं, आणि ते जास्त लागलं. मी त्यांच्या बोलण्यात नव्हतेच.

"मोठ्या मुलीची सही लागते ना?" ती म्हणाली. "गेलेल्या माणसाचं काहीही ठेवायचं, वाटायचं तर?"

"लागते. छिमीने केली. माझी चूक झाली, यांगझोम. तू मोठी आहेस. तू सांग, मी आत्ता पुसतो. चाळीस तास, एका बोटाने जातील." त्यांनी खरोखरच बोट वर केलं होतं.

ती त्याचसाठी आली होती. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तिने तेच वाक्य जुळवलं होतं. ती म्हणाली, "आधी मला ऐकवा."

"सगळं?"

"माझ्याबद्दल असेल ते."

मास्तर घुटमळले. "तिने सांगितलं होतं, तुला ऐकवायचं नाही म्हणून."

"मास्तर, गॅसच्या रांगेत सगळं काठमांडू ऐकतंय. मीच तेवढी राहिलेय."

गाद्यांच्या खोलीत कोंदट लोकरीचा वास होता. मास्तरांनी तिच्या कानांवर ते काळं यंत्र बसवलं, आणि आई एकदम तिच्या दोन्ही कानांत येऊन बसली. इतक्या जवळून आई तिच्याशी कधी बोलली नव्हती. छुरोंगची बोली यांगझोमला परकी नव्हती, बाजारात ऐकलेली, लग्नाकार्यात ऐकलेली, निम्म्याहून जास्त कळत होती. पण आईच्या तोंडात ती काही वेगळीच झाली होती. शब्द वर चढत, वळत, ठसक्यात उतरत. ही कोण बाई आहे, यांगझोमला वाटलं, हिच्याशी माझी ओळख करून द्या. सुरुवातीला दार वाजलं, छिमीची पावलं, आणि आई म्हणाली, 'आलीस गं माझे बाई? बस. हात शेक. काय काय झालं, सगळं सांग.' मग मास्तरांनी काही तरी पुढे ढकललं, मागे घेतलं, आणि आईचा आवाज खाली आला.

'पहिल्याला मी माझ्या बोलीत झोपवायचे, मास्तर. सासू जनावरांकडे गेली की. एवढंसं पोर, त्याला काय कळतंय, म्हटलं. थंडी होती, म्हणून चुलीपाशीच बसायचे. अकरा महिन्यांचा झाला आणि ताप आला. तीन दिवस. सासूने एकदाच विचारलं, याच्या कानात तू काय बोललीस? मी काही बोलले नाही. तिला कळायचं ते कळलं.'

'आणि मोठी मुलगी?' मास्तरांचा आवाज.

'तिच्याशी नाही बोलले. एक शब्द नाही. तोंडापर्यंत यायचा, गिळायचे. नवऱ्याच्या बोलीत माझं तोंड कधी वळलं नाही हो. चार शब्द आले. ये, जा, जेव, झोप. चार शब्दांवर पोर वाढवली. पण जगली की नाही? पन्नाशी ओलांडली तिने. बघा कशी धडधाकट आहे.' आणि ते हसू. 'छिमीचं काय, ती पलीकडची. तिला कोण नेतोय?'

'आता कसली चूल आमा, यांगझोमकडे गॅस आहे.'

'गॅस असो की शेण असो, जाळ एकच. मालक तोच. तिला हे ऐकवू नका. छिमीलाही शपथ घातलीय मी. तिच्या कानावर घालायचं नाही आणि तिच्या तोंडून येऊ द्यायचं नाही. तिला पुष्कळ जगायचंय.'

यांगझोमला रडू येईल म्हणून मास्तर पाण्याचा ग्लास घेऊन उभे होते. तिला रडू आलं नाही. तिला राग आला होता, आणि तो आता कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. घरी आजी म्हणायची, थोरला गोवराने गेला. सगळे तेच म्हणायचे. आणि आई छप्पन्न— नाही, मरेपर्यंत त्रेपन्न वर्षं, रोज सकाळी उठून तिच्या तोंडाकडे बघत होती आणि शब्द गिळत होती. मला कुणी विचारलं होतं? ताप आला असता तर आला असता. एखाद्या वर्षी, एखाद्या संध्याकाळी, चुलीपासून लांब, शेतात, पुलावर, वाटेत, कुठेही म्हणायचं होतं एकदा, बस, हात शेक, सगळं सांग. मी सांगितलं असतं. नवरा कतारहून पेटीतून आला तेव्हा सांगितलं असतं. मुलाने परदेशातून फोन करणं कमी केलं तेव्हा सांगितलं असतं. नवऱ्याची पेटी आली त्या रात्री आई भाताचं ताट पुढे सारून म्हणाली होती, "जेव." आणि मी जेवले. आईने मला जगवलं आणि त्या जगण्यात स्वतः आली नाही. याला काय म्हणायचं, हे पाच गावांच्या पाच तोंडांत कुणाला ठाऊक असेल तर तिला ते हवं होतं. मास्तरांच्या कोशात नक्की नसणार.

"पुसू का?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"पुसायचं कशाला? सुरुवातीचं लावा. दार वाजतं ते."

त्यांनी लावलं. आलीस गं माझे बाई? बस. हात शेक. काय काय झालं, सगळं सांग. ती म्हणाली, पुन्हा. मास्तरांनी पुन्हा लावलं. छप्पन्न वर्षांची बाई गाद्यांच्या खोलीत ओठ हलवत बसली. तेप्काची जीभ प्रत्येक शब्दाची शेपटी गिळायला धावत होती, ती तिला ओढून धरत होती. घशातून काढ. शेवटी वर उचल. अकराव्यांदा मास्तरांनी यंत्र काढून घेतलं आणि म्हणाले, "आलं. आता आलं तुला. छुरोंगवाल्यालाही शंका यायची नाही." ते खूश झाले होते, मास्तर ते मास्तरच. तिने सहीच्या कागदावर छिमीच्या नावाच्या वर आपलं नाव लिहिलं आणि निघाली.

छिमीच्या घरी, जोरपाटीपर्यंत ती चालत गेली. ऊन कललं होतं, धूळ होती, तोंडात वाक्य होतं. कुणी ओळखीचं भेटू नये, कुणी नमस्कार करायला लावू नये, वाक्य सांडू नये, एवढंच ती बघत होती. छिमीवरचा राग वाटेत कुठे तरी मागे पडला. तिला शपथ होती. पण शपथ घालणारी आता नाही, आणि ज्या पोराला न्यायचं ते पोर छप्पन्न वर्षांचं झालंय, गुडघे दुखतायत, रक्तदाबाची गोळी चालू आहे. आता कोण नेणार आणि नेऊन काय करणार? सगळ्या जगात आईसारखं बोलणारं एकच तोंड उरलंय आणि ते माझ्या बहिणीचं आहे. भांडायचं नाही. फक्त दारात उभं राहून म्हणायचं. ती हसेल. मग रडेल. मग दोघी बसू आणि ती मला सगळं सांगेल, आई काय काय बोलायची, कुणाच्या नकला करायची, माझ्याबद्दल काय म्हणायची. गुरुवारी येत जाईन, यांगझोमने ठरवलं. एप्रन काय, कधीही शिवता येतात.

छिमीचं दार उघडंच होतं. ती ओट्यापाशी उभी राहून शेगडीवरच्या भांड्यात लोण्याचा चहा घुसळत होती. यांगझोमला पाहून तिने हात पुसले आणि भिंतीवरच्या फळीवरून दोन वाट्या काढून मांडल्या, पुन्हा पळी घेतली. "आचा! आज या वेळी? सिलिंडर मिळालं का गं?" तेप्काच्या बोलीत, नेहमीसारखं.

यांगझोम उंबऱ्यातच उभी राहिली. तिने श्वास घेतला आणि घशातून काढलं, शेवटी वर उचललं, एकही शेपटी न गिळता. "आलीस गं माझे बाई? बस. हात शेक. काय काय झालं, सगळं सांग."

छिमीच्या हातातली पळी तशीच राहिली. तिच्या तोंडावर एक क्षणभर काही तरी उजळलं, चार वर्षांच्या पोरीचं. ओठ उघडले. मग तिची नजर यांगझोमवरून शेगडीवर गेली, निळ्या जाळावर, आईच्या त्या मालकावर, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिने झटकन गॅस बंद केला. यांगझोमसाठी काढलेली वाटी उचलली आणि ओट्यावर पालथी घातली. वाटी थोडा वेळ वाजत राहिली.

"छिमी," यांगझोम म्हणाली. "बोल ना गं."

छिमीचे डोळे भरून आले होते. तिने पदराने तोंड पुसलं, दुकानात गिऱ्हाइकाला पुढे करतात तशी खुर्ची पुढे केली, आणि बोलली ती नेपाळीत.

"बसा ना, दिदी."